कुलूपबंद वाचनालय आणि देवघेवीचं रजिस्टर

तालुक्याच्या गावातल्या एका 'क' वर्ग (सरकारी अनुदानाच्या 'अ' ते 'ड' या चार वर्गांतल्या तिसऱ्या) वाचनालयाच्या नव्या कार्यवाहांनी विचारलंय: करोनाच्या बंदीत लहान गावातल्या वाचनालयांनी लोकांसाठी नेमकं काय केलं, त्यातलं काय खरोखर उपयोगी पडलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर आधीपासून काय तयार ठेवावं? जाता जाता त्यांनी हेही विचारलंय, की बंद काळातली वर्गणी घ्यायची की सोडायची.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी 26 वर्षं ग्रंथपाल आहे. वाचनालय 'ब' वर्ग, सभासद 400च्या आसपास. कर्मचारी तीन: मी, लिपिक आणि शिपाई. त्यामुळे मोठ्या शहरातल्या वाचनालयांनी काय केलं ते त्यांनाच विचारा. माझं उत्तर आमच्यासारख्यांपुरतं आहे.

सगळ्यात उपयोगी काय पडलं, ते आधीच सांगते. देवघेवीचं रजिस्टर. वेबसाइट नव्हे, ई-पुस्तकं नव्हेत, ऑनलाइन व्याख्यानमाला तर नव्हेच. कुठलं पुस्तक कोणाच्या घरी आहे आणि कोणाला काय आवडतं, एवढं ज्या वाचनालयाला ठाऊक होतं ते कुलूप लागल्यावरही चाललं. ज्याला ठाऊक नव्हतं, त्याच्याकडे नुसती इमारत उरली.

2020च्या मार्चच्या मध्यावर राज्यात 1897चा साथरोग कायदा लागू झाला, पाठोपाठ शाळा बंद झाल्या आणि आता आपलीही पाळी येणार हे दिसायला लागलं. तेव्हा आमच्या अध्यक्षांनी एकच शहाणपणाचा निर्णय घेतला. एका कार्डावर दोन पुस्तकं हा नियम बाजूला ठेवून सहा द्यायची. दोन-तीन दिवस नुसती रीघ होती. बालविभागाच्या खालच्या दोन फळ्या रिकाम्या झाल्या. एक आजोबा कधी नव्हे ते पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, जाड जाड बघून दे." 22 तारखेला जनता कर्फ्यू, 25 पासून देशभर टाळेबंदी. आम्ही कुलूप लावलं तेव्हा सव्वाआठशेच्या वर पुस्तकं गावातल्या घरांमध्ये होती. ही गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही, पण आमचं वाचनालय गावभर पसरून बसलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन यायला लागले. "ताई, सगळी वाचून झाली, आता?" आता काय सांगणार? वाचनालयं अत्यावश्यक सेवेत नव्हती. उघडायची परवानगी नव्हती आणि चोरून उघडायचं नाही हे आमचं ठरलेलं होतं. त्याच सुमारास वर्तमानपत्रं घरपोच टाकण्यावरही बंधन आलं, म्हणजे सकाळचा तो आधारही गेला. रजिस्टर मी कुलूप लावताना घरी आणलं होतं, हिशेब पुरा करायला म्हणून. ते उघडून बसले आणि एका रेघांच्या वहीत आळीवार यादी उतरवून काढली. वरच्या आळीत कोणती पुस्तकं आहेत, बाजारपेठेत कोणती, मोहल्ल्यात कोणती, खालच्या वाडीत कोणती. दोन दिवस लागले. मग फोन सुरू केले.

पद्धत साधी होती. एका घरातलं पुस्तक वाचून झालं की त्याच आळीतल्या दुसऱ्या घरी जायचं. आळीबाहेर नाही. देणाऱ्याने ते पडवीत किंवा ओट्यावर ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं, समोरासमोर यायचं नाही. उचललं की मला फोन, मी वहीत नोंद करणार. 'जमा' आणि 'दिले' हे दोन्ही रकाने एकाच ओळीत, एकाच दिवशी भरत होते. इतक्या वर्षांत असं रजिस्टर मी लिहिलं नव्हतं. आपल्या नोंदीत पुस्तक नेहमी आधी वाचनालयात येतं आणि मग दुसऱ्याकडे जातं. इथे ते वाचनालयात येतच नव्हतं.

यात एक चूक पहिल्याच दिवशी केली, ती तुम्ही करू नका. मी एका काकूंना सहज सांगितलं की तुमच्या समोरच्या घरी अमुक पुस्तक आहे, ते मागून घ्या. पुस्तक होतं दारूचं व्यसन सोडवण्यावरचं. फोन ठेवल्यावर माझ्याच पोटात गोळा आला. कोण काय वाचतं ही गोष्ट ग्रंथपालाने पोटात ठेवायची असते, डॉक्टरने ठेवावी तशी. गावात तर जास्तच, कारण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यानंतर नियम केला: ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याला आधी विचारायचं, "हे पुढे दिलं तर चालेल का?" तो हो म्हणाला तरच नाव पुढे. आजारपण, कायदा, कर्ज, संसारातल्या भानगडी या विषयांची पुस्तकं यादीतून मी आधीच वगळली. ती ज्याच्या घरी होती त्याच्याच घरी राहिली.

हे सगळं सुरू व्हायच्या आधीपासूनच वाचनालयाचा फळा कामाला आला होता. फाटकाबाहेर आमचा एक लाकडी फळा आहे, एरवी त्यावर सुविचार आणि नवीन पुस्तकांची नावं असतात. मी मागच्याच आळीत राहते, दूध आणायला जाताना तो वाटेत पडतो. एप्रिलच्या सुरुवातीला जनधन खात्यात बायकांना 500 रुपये जमा होणार होते आणि बँकेपुढे झुंबड नको म्हणून खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिले होते. 0 आणि 1 वाल्यांनी 3 एप्रिलला, 2 आणि 3 वाल्यांनी 4 ला, पुढचे 7, 8 आणि 9 ला. हे मोबाइलवर फिरत होतं, पण ज्या बायकांना पैसे यायचे होते त्यांच्याकडे मोबाइल असलाच तर बटणांचा. मी ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली ओळ टाकली: 'पासबुकावरचा शेवटचा आकडा बघा.' तरीही फळ्यापुढे उभं राहून दोघीतिघींनी विचारलंच, "आमचा आकडा कुठला ते सांगा." तेही तीन हातांवरून बघून सांगितलं. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळणार होतं, तेही लिहिलं. आपल्याकडे 'संदर्भ सेवा' नावाचा विभाग कागदावर असतो ना, तो हा.

फळ्यावर काय लिहायचं नाही, तेही ठरवावं लागलं. रोज कोणीतरी काढ्याची कृती घेऊन यायचा. कोणी विचारायचं, रुग्णांची नावं लिहा की. दोन्हीला नकार. ज्याच्याखाली सरकारी आदेशाची तारीख लिहिता येते तेवढंच फळ्यावर जाईल, असं सांगून टाकलं. थोडी नाराजी झाली, पण मग आमच्या फळ्यावर आलं म्हणजे खरं, असं लोक बोलायला लागले.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांची मी वेगळी यादी केली. आमच्या भागात निम्मी घरं मुंबईला. इथे आईवडील किंवा दोघांतलं एक. अशी 31 नावं निघाली. आम्ही तिघांनी ती वाटून घेतली आणि एक दिवसाआड फोन. विषय पुस्तकाचा, पण फोन अर्थातच पुस्तकासाठी नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्यात हे कोणी आपणहून सांगत नाही. "रात्री वाचवत नाही हल्ली" असं म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचा. आमचा शिपाई यात सगळ्यांत तरबेज निघाला. त्याला पुस्तकातलं फारसं कळत नाही असा आमचा सगळ्यांचा समज होता. पण कोणते आजोबा कोणत्या खुर्चीत बसून कोणता पेपर वाचतात हे त्याला पाठ होतं. तो फोनवर त्यांना पेपरातल्या बातम्याच वाचून दाखवायचा, मोबाइलवर बघून.

आता ई-पुस्तकांबद्दल. तुमच्या पत्रात या विषयावर सगळ्यात जास्त प्रश्न आहेत आणि माझा उत्साह यात सगळ्यात कमी आहे. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफचा पूर आला. त्यातली बहुतेक चोरीची होती, सरळ छापील पुस्तक स्कॅन केलेली. आमच्याच एका सभासदाने आमच्या गटात साठ-सत्तर टाकली. मी ती काढायला लावली, त्यावर "ताई, अशा वेळी कसला कायदा?" असं झालं. पण वाचनालयाच्या नावाच्या गटातून हे गेलं तर आपण कोणत्या तोंडाने प्रकाशकाकडे सवलत मागणार? हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे: लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या पुस्तकाचा हक्क त्याच्या निधनानंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं चालतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचं लेखन 2011 पासून मोकळं आहे. चिं. वि. जोशी गेले 1963 साली. म्हणजे 2020मध्ये त्यांची पुस्तकं मोकळी नव्हती, 2024 उजाडल्यावर झाली. लोकांना दोघेही सारखेच 'जुने' वाटतात, म्हणून हे उदाहरण मी नेहमी देते.

रीतसर फुकट मिळणारं मराठीत पुष्कळ आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, मराठी विश्वकोश आहे, बालभारतीची पाठ्यपुस्तकं आहेत, लहान मुलांसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी आहेत आणि त्या वाटायला परवानगीही आहे. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने पुस्तकं देतं. पण यादी पाठवून काही होत नाही. मी सुरुवातीला वीस दुव्यांची छान यादी पाठवली, कोणी उघडलीसुद्धा नाही. मग रोज संध्याकाळी एकच गोष्ट, एकच दुवा, आणि वर दोन ओळी की ही कशाबद्दल आहे. तेव्हा कुठे पोरं वाचायला लागली. तेही ज्या घरात स्मार्टफोन होता आणि बाबा घरी असल्यामुळे तो मुलांच्या हातात मिळत होता तिथेच. आमच्याकडे अर्ध्या वाड्यांना रेंज नाही. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे लाउडस्पीकर घेऊन वाडीवाडीत 'बोलकी शाळा' चालवली गेली, ती याच कारणाने. फोन नसलेल्या मुलाला दुवा पाठवता येत नाही, आवाज पाठवता येतो.

अभ्यासिकेतल्या पोरांचं दुखणं निराळं होतं. आमच्याकडे स्पर्धा परीक्षेची अठरा-वीस मुलं दिवसभर बसायची. त्यांना पुस्तकापेक्षा जागा हवी होती. घरी दोन खोल्यांत सात माणसं, त्यात मुंबईहून परतलेले काका. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 ला होती. ती पुढे ढकलत ढकलत शेवटी 21 मार्च 2021 ला झाली. जवळजवळ वर्षभर या मुलांना रोज 'उद्या परीक्षा' अशा तयारीत जगायचं होतं. आम्ही त्यांच्यासाठी काय केलं? फार काही नाही, हे कबूल करते. संदर्भग्रंथ घरी न्यायला दिले, जे एरवी कपाटाबाहेर जात नाहीत. चालू घडामोडींची मासिकं आळीपाळीने फिरवली. जागा देता आली नाही. पुन्हा वेळ आली तर शाळेचे रिकामे वर्ग मागायचे, असं त्यानंतर कार्यकारी मंडळाच्या ठरावात लिहून ठेवलंय.

आणि मग 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण लोक महासाथीची तयारी म्हणून एकाच संकटाचा विचार करतात. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि रायगडचा दक्षिण भाग, मंडणगड, दापोली झोडपून गेलं. आमच्या बालविभागावरची कौलं उडाली, दोन वासे मोडले. वीज गेली ती तीन आठवड्यांनी आली. मोबाइलचे मनोरे बंद. म्हणजे फोनवर उभी केलेली आमची सगळी व्यवस्था एका दुपारीत संपली. व्हॉट्सअॅप गट, रोजची गोष्ट, एक दिवसाआडचे फोन, सगळं. उरलं काय? रेघांची वही आणि फळा.

पुढचे आठवडे फळ्यावर मी पत्रे कुठे मिळताहेत, पंचनाम्याचे अर्ज कोणाकडे द्यायचे, फोन चार्ज करायला कोणाच्या जनरेटरवर सोय आहे हे लिहीत होते. 31 घरांपैकी जवळची शिपायाने पायी फिरून बघितली, लांबची दूधवाल्यांकडून विचारून घेतली.

भिजलेली पुस्तकं 200च्या आसपास होती. यातलं शिकलेलं तुमच्या कामाला येईल, बंद इमारतीत पावसाळा काढायचा असेल तर वादळाशिवायही येईल. उन्हात टाकायची नाहीत. कागद पिवळा पडतो, पुठ्ठा वाकतो, बांधणी सुटते. सावलीत, वारा लागेल अशी, पंख्यासारखी पानं पसरून उभी करायची. दर वीस-पंचवीस पानांमध्ये कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. आम्ही पहिल्या दिवशी वर्तमानपत्र घातलं, तर त्याची शाई पानांवर उमटली. गुळगुळीत कागदाची, चित्रांची पुस्तकं सगळ्यात आधी घ्यायची, कारण त्यांची पानं एकदा चिकटून वाळली की सुटतच नाहीत. आमची मुलांची चित्रपुस्तकं अशीच गेली. आणि सगळ्यात पहिल्यांदा वाचवायचं ते पुस्तक नव्हे, दाखल नोंदवही. पुस्तकं पुन्हा घेता येतात. कुठलं पुस्तक कधी, कोणत्या दाखलांकाने आलं, हे त्या एका वहीखेरीज कुठेच नसतं. गेलेल्या पुस्तकांचे फोटो काढा, दाखलांकासह यादी करा आणि निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचा, ठराव लगेच घ्या. दोन वर्षांनी तपासणीला कोणी आलं तर 'वादळात गेली' हे तोंडी चालत नाही.

वादळ नसतं तरी ओल होतीच. बंद खोलीत पावसाळ्यात आठ दिवसांत बुरशी धरते. आठवड्यातून एकदा एका माणसाने जाऊन दोन तास खिडक्या उघडायच्या, पाऊस नसेल तेव्हा. कपाटं भिंतीला चिकटलेली असतील तर चार बोटं पुढे ओढायची. वाळवीची माती दिसते का ते खालच्या फळीपासून बघायचं. एवढ्यासाठी तरी बंदीत एका माणसाला ये-जा करायची लेखी परवानगी पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

राज्यातली वाचनालयं उघडायला परवानगी मिळाली ती 15 ऑक्टोबर 2020 पासून. योगायोग म्हणजे तो वाचन प्रेरणा दिन. आम्ही मुक्तद्वार, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडणं, बंदच ठेवलं आणि रस्त्याकडच्या खिडकीतून देवघेव सुरू केली. सोमवारी वरची आळी, मंगळवारी बाजारपेठ असे वार ठरवून दिले. सकाळी 10 ते 12 फोनवर मागणी, संध्याकाळी 4 ते 6 खिडकी.

खिडकीची खरी अडचण अशी, की आपल्या वाचकाला पुस्तकाचं नाव सांगता येत नाही. तो कपाटापुढे उभा राहतो, दोन काढतो, चार ठेवतो, मागचं पान वाचतो आणि मग ठरवतो. ते बंद केलं की तो फोनवर म्हणतो, "द्या काहीतरी चांगलं." म्हणून आम्ही तिनाचा गठ्ठा करायला लागलो. एक त्याने मागितलेलं किंवा त्याच्या नेहमीच्या प्रकारातलं, एक त्याला जवळचं वाटेल असं, आणि एक पूर्णपणे माझ्या मनाचं. जुन्या पेपरात गुंडाळून वर कार्ड क्रमांक. तिसऱ्या पुस्तकामुळे फार गमती झाल्या. आयुष्यभर फक्त ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणारे एक गृहस्थ पक्ष्यांवरचं पुस्तक घेऊन गेले आणि पुढच्या आठवड्यात खिडकीवर येऊन म्हणाले, "आमच्या परसात येतो तो तांबट आहे म्हणे. साठ वर्षं मी त्याला पोपटाचं पिल्लू समजत होतो."

तिनाचा गठ्ठा आजही चालू आहे.

परत आलेली पुस्तकं किती दिवस बाजूला ठेवायची यावर त्या वेळी जो तो वेगळं सांगत होता. आधाराला एकच गोष्ट होती, अमेरिकेत ग्रंथालयांसाठी झालेल्या 'रिआल्म' प्रकल्पाच्या चाचण्या. जून 2020च्या पहिल्या निकालात सुटं ठेवलेल्या पुस्तकावर तीन दिवसांनी विषाणू सापडला नव्हता. पण पुढे पुस्तकं एकावर एक रचून चाचणी केली तेव्हा तो सहा दिवसांनीही सापडला. यातून आम्ही एवढंच घेतलं, की परत आलेली पुस्तकं रचायची नाहीत. वाचनकक्षाच्या बाकांवर वारांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि सोमवारची पुस्तकं सोमवारच्या बाकावर, सुटी सुटी मांडली. पुढचा सोमवार आला की ती कपाटात. एप्रिल 2021मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगितलं की वस्तूला हात लावून लागण व्हायची शक्यता 10 हजारात एकाहूनही कमी असते. म्हणजे बाकं मांडण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवण्यात जास्त अर्थ होता. तेव्हा ठाऊक नव्हतं. तरी बाकांमुळे वाचकांची भीती गेली, तेवढा उपयोग झालाच.

एक मात्र कळकळीने सांगते, पुस्तकांवर सॅनिटायझर किंवा जंतुनाशकाचा फवारा मारू नका. एका उत्साही स्वयंसेवकाने आमच्या वीसेक पुस्तकांवर मारला. मुखपृष्ठाचा रंग बोटाला आला आणि पाठीवरचे क्रमांक पुसले गेले. हात धुवा, टेबल पुसा, पुस्तक नुसतं ठेवून द्या.

महिनाभरात दिवाळी आली. त्या वर्षी अंक कमी निघाले, काही नुसते मोबाइलवर निघाले. पण जे आले ते आम्ही गठ्ठ्यातून फिरवले आणि आमची दिवाळी अंक योजना त्या वर्षी जितकी वाचली गेली तितकी कधीच गेली नव्हती.

2021च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद. पण या वेळी वही तयार होती, म्हणून आळीतली अदलाबदल दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. नवं काम लागलं ते लसीचं. 1 मेपासून 18 वर्षांवरच्यांना लस खुली झाली, पण सरकारच्या कोविन संकेतस्थळावर आधी वेळ मिळवायची. तो सगळा कारभार तेव्हा इंग्रजीत होता. मराठी आलं जूनमध्ये. आमच्या आरोग्य केंद्राच्या जागा संध्याकाळी खुल्या व्हायच्या आणि मिनिटभरात भरायच्या, भरणारे शहरातले, गाडी काढून येणारे. अभ्यासिकेतली तीच मुलं इथे कामाला आली. प्रत्येकाने रोज दोन गावकऱ्यांची नोंदणी करायची असं त्यांनीच ठरवलं. ओटीपी म्हाताऱ्याच्या फोनवर येणार, तो फोन ओट्यावर, पोरगा अंगणात लॅपटॉप घेऊन, आणि आजी आकडे ओरडून सांगतायत, त्यातला एक नेहमी चुकीचा. माणसाचा आधार क्रमांक आणि फोन आपण हाताळतोय, तर नोंदणी झाली की कागद त्याच्याच हातात परत द्यायचा, फोटो ठेवायचा नाही, हे मुलांना बजावून सांगितलं होतं.

त्या लाटेत आमचे सात सभासद गेले. त्यांच्या नावावरची पुस्तकं आम्ही मागितली नाहीत. घरच्यांनी आपणहून आणून दिली, काही वर्षभराने. 'जाड जाड बघून दे' म्हणणाऱ्या आजोबांची सहाही पुस्तकं त्यांच्या सुनेने आणली. पाचव्यात औषधाच्या पाकिटाचा तुकडा खूण म्हणून होता. मी तो काढला नाही, पुस्तक तसंच कपाटात लावलं.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण यात माझ्याकडे उपाय नाही, तक्रारच आहे. आपल्या राज्यात 1967चा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे, अनुदान आहे, पण 'ड' वर्गाला तेव्हा वर्षाचे 30 हजार मिळत. त्यात माणूस काय आणि पुस्तकं काय. मे 2020मध्ये वित्त विभागाने खर्चाला वर्षाच्या तरतुदीच्या 33 टक्क्यांची मर्यादा घातली, आणि आमचा अनुदानाचा हप्ता इतका लांबला की शिपायाचा पगार आम्ही चार महिने कार्यकारी मंडळाच्या सदस्यांच्या खिशातून दिला. तीन महिन्यांचा पगार निघेल एवढी ठेव वेगळी ठेवा, तिला इमारतीच्या रंगकामासाठी हात लावू नका.

तयारी म्हणाल तर आजच्या आज सभासदांचे फोन क्रमांक तपासा. आमच्या अर्जांवर एक तृतीयांश क्रमांक कधीच बंद झालेल्या लँडलाइनचे निघाले होते. क्रमांकाबरोबर आळी लिहा, घरात कोण एकटं राहतं ते लिहा, आणि शक्य असेल तर काय वाचतात तेही दोन शब्दांत. संगणकावर असेल तर महिन्याला एकदा छापून काढा. वीज नसताना छापलेलं उघडतं. पुस्तकांची एखादी पेटी वाडीत आधीच ठेवून द्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना पेट्यांवरच उभी आहे, ती कशी चालते ते बघून घ्या. आणि एक फळा असू द्या, फाटकाच्या बाहेरच्या बाजूला.

राहिली वर्गणी. आम्ही मार्च ते ऑक्टोबरची वर्गणी आणि सगळा विलंब आकार माफ केला, तसा ठराव करून फळ्यावर लिहिला. ठराव लेखी करा, नाहीतर हिशेब तपासनीस ती रक्कम येणे दाखवतो. ऑक्टोबरात खिडकी उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी त्या महिन्यांचे पैसे तरीही पुढे केले. "माफ आहे" म्हटलं तर एक बाई म्हणाल्या, "अहो, पण मी वाचलीत की!" त्यांनी खरंच वाचली होती, आळीतल्या अकरा घरांची, वहीत नोंद आहे. माफीचा ठराव असल्याने वर्गणी म्हणून ते पैसे घेता येईनात. मग 'देणगी' अशी पावती फाडली.